कधीच न थांबलेली गाडी

बारामतीहून इंदापूरकडे जाताना काटेवाडी मागे पडली की कालव्यावरचे लहानमोठे पूल लागतात. त्यांतल्या एका पुलाची ही गोष्ट आहे. कुठला पूल ते सांगणार नाही. एकदा सांगून बघितलं आहे, तेही ठिकाण आणि वेळेसकट, ठळक अक्षरांत.

असं सगळं जाहीर सांगायची सवय मला घरातून लागली. माझे वडील बारामतीत एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि उरलेल्या वेळात चळवळ करायचे. आईच्या मते ते चळवळ करायचे आणि उरलेल्या वेळात खिळे जुळवायचे. कन्हेरीतल्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. पत्रक हजार छापलं जायचं, मोर्चाला चाळीस माणसं यायची आणि बाकीची पत्रकं आमच्याकडे राहायला यायची. आई ती फळ्यांवर, ट्रंकेत, डब्यांच्या तळाशी अंथरायची. ज्वारीच्या पिठाखाली आमच्याकडे कायम कुणाचा तरी धिक्कार असे. बाकीची मुलं कमळ आणि बदक शिकत होती तेव्हा मी जोडाक्षरांसकट 'निषेध' वाचत होते. पहिलीत बाईंनी पावसावर एक वाक्य सांगायला सांगितलं, तर मी उभी राहून म्हणाले, "पावसाने आपल्या तालुक्यावर सातत्याने अन्याय केला आहे." बाईंनी वडिलांना बोलावून घेतलं. वडिलांनी वाक्य ऐकलं, "यात चूक काय आहे?" असं विचारलं आणि ते कामावर निघून गेले.

कॉलेजात गेले तेव्हा त्यांनी मला त्यांची काळी, बावीस इंची, दांडीची सायकल दिली. गावात दांडीच्या सायकलवर बसणारी मुलगी मी एकटीच. पारावरच्या एकाने पहिल्याच दिवशी वडिलांना हटकलं, "काय राव, पोरीला सायकल दिली, आता धोतरबी देणार का?"

"मागितलं तर देईन," वडील म्हणाले.

मी मागितलं नाही. पण दिवसभर विचार केला, की तत्त्व म्हणून मागावं का. त्या वयात मी तत्त्वं फार पाळायची. बाटलीतलं थंड पेय प्यायचं नाही. भाषणाला आलेल्या पाहुण्यांसाठी उभं राहायचं नाही. खोटं लिहायचं नाही, आणि खरं असेल ते लपवायचं नाही. पहिली दोन तत्त्वं पाळायला सोपी होती, कारण थंड पेय कुणी देत नव्हतं आणि पाहुणे माझ्याकडे बघत नव्हते.

बारामतीत मला एकच जिवाभावाची मैत्रीण होती. तिच्या अब्बांचं स्टँडसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिची सायकल पाच मेलेल्या सायकलींची मिळून झालेली होती. हँडल एकीचं, सीट दुसरीचं, आणि घंटी इतकी जुनी की तिचा आवाज ऐकून म्हातारी माणसं मागे वळून बघायची, कुणी ओळखीचं आलं का म्हणून. मैत्रीण फार बोलायची नाही. ती बॉलपेनने चित्रं काढायची. समोर जे असेल ते, आणि जेवढं असेल तेवढंच.

आमचं कॉलेज दुपारचं होतं, त्यामुळे सकाळ मोकळी. एसटीडी बूथ गावोगावी उघडत होते ते दिवस. प्रत्येकाला आता लांबच्या माणसाशी बोलायचं होतं. आमच्या जवळचं कुणी लिहीत नाही, असं मी एकदा तावातावाने म्हणाले. मैत्रीण म्हणाली, "मग आपण लिहू. सायकल आहे, पेन आहे." त्यातून आमचं भित्तिपत्रक निघालं. नाव ठेवलं 'रोजचं'. सकाळी सायकलवर कुठंतरी जायचं, जे दिसेल ते मी लिहायचं, तिने काढायचं, आणि आठवड्याने ते अब्बांच्या दुकानाच्या शटरशेजारी प्लायवूडच्या फळीवर टाचण्यांनी लावायचं. कागदाचा प्रश्न नव्हता. आमच्या घरात एका बाजूने कोरे असलेले हजारो कागद होते.

मग आम्ही हिंडलो. कालव्याच्या भरावावरून गेलो आणि पुढे भराव संपून बाभळी लागल्यावर सायकली डोक्यावर घेऊन परत आलो. उसाच्या ट्रॉल्यांमागून ऊस ओढला. हा प्रस्थापितांविरुद्धचा लढा आहे असं मी मैत्रिणीला समजावलं. ती म्हणाली, "असेल. कांडं मोठं ओढ." एकदा भाकरी बांधून थेट इंदापूरला निघालो. इंदापूर आलं, पण माझ्या सायकलचं मागचं चाक त्याच्या आधी बसलं होतं. येताना कांद्याच्या टेम्पोत बसून आलो आणि दोन दिवस वर्गात आमच्या बाकाशेजारी कुणी बसलं नाही.

लिहिण्यात मात्र एक अडचण होती. मी वही काढली की माणसं बदलायची. पानमळ्यातल्या बाईंना मी विचारलं, पानं कशी खुडता, तर त्यांनी हात पुसून पूर्ण नाव, रेशनकार्ड आणि घरात खाणारी तोंडं सांगितली. "घरकुलाच्या यादीत घालताय न्हवं?" काटेवाडीला दूध घालायला आलेल्या एका बाबांनी आम्हाला साक्षरतावाले समजून स्वतःहून पाढे म्हणून दाखवले. सतरापर्यंत बिनचूक. आमच्या भागात वही घेऊन आलेलं माणूस एकतर काही देणार असतं नाहीतर काही नेणार असतं. नुसतं बघायला कोण येतं?

दुसरी अडचण माझीच होती. काहीही लिहायला घेतलं की दुसऱ्या परिच्छेदात मागण्या सुरू व्हायच्या. बैलबाजारावर लिहिलं तर त्यात पाच मागण्या, त्यांतल्या दोन बैलांच्या. मैत्रीण वाचून म्हणाली, "तुझे बैलसुद्धा मूठ आवळून उभे आहेत." आणि प्रत्येक मजकुराच्या शेवटी मी ठिकाण आणि वेळ लिहायचीच. पत्रकात ते असतंच. ज्याला ठिकाण आणि वेळ नाही ते खरं कशावरून?

त्या थंडीत एका सकाळी आम्ही त्या पुलापाशी होतो. कारखाना सुरू होऊन महिना झालेला, मळीचा आंबट वास धुक्याबरोबर खाली बसलेला. माझी चेन पडली होती आणि मैत्रीण ती बसवत होती. पुलाच्या कठड्याला टेकून तीन मुली उभ्या होत्या, दप्तरं पोटाशी धरून. भरावाच्या उतारावर एक म्हातारे आबा मेंढ्या चारत होते. मेंढ्या चौदा. मी मोजल्या, कारण मी तेव्हा सगळंच मोजायची.

"गाडी हितं थांबते?" मी मुलींना विचारलं. तिथे पाटी नव्हती, शेड नव्हती, काहीच नव्हतं.

"थांबा न्हाय हितं," त्यांतली एक म्हणाली. "पर डायवरकाकांना आमी दिसतो."

ती अकरावीला होती, शास्त्र शाखेला, आणि ते आबा तिचे आजोबा. वस्ती पुलापासून आत. अधिकृत थांबा तिथून साडेतीन मैलांवर, तोही उसातून. गाडी पुढच्या गावात रात्री मुक्कामाला असे आणि सकाळी बारामतीला जाई. तिचा ड्रायव्हर दीड वर्षापासून पुलावर ब्रेक दाबत होता.

"नाही थांबली तर?"

"तर मग काय," ती म्हणाली. "तात्या म्हणलेत, गाडी हाय तवर कॉलेज हाय." तात्या म्हणजे तिचे थोरले चुलते. घरातला शेवटचा शब्द त्यांचा.

"सायकलवर ये की. आम्ही येतो."

"तात्या सायकलला न्हाय म्हणत्यात. गाडीत कंडक्टर असतोय. सायकलवर कोण असतं?"

तेवढ्यात लाल गाडी आली आणि मेंढ्याही नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर आल्या. गाडी उभी राहिली. ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली. "आबा, ह्यास्नी टाइमटेबल द्या एकदा!"

"तुझ्या सायबाला इचार, हाय का शिल्लक," आबा म्हणाले. "हितं माणसांस्नी मिळंना."

मुली चढल्या. मी वहीत लिहीत होते ते ड्रायव्हरने पाहिलं. "काय लिवताय ताई?"

"रोजचं."

"लिवा की. माझंबी घ्या त्यात."

मी घेतलं. 'रोजचं'मध्ये मी लिहिलेला तो सगळ्यात चांगला मजकूर होता, हे मी आजही म्हणते. त्यात एकही मागणी नव्हती. ज्याला कुणी सांगितलेलं नाही, ज्याचा पगार वाढणार नाही, असा एक माणूस रोज सकाळी पायाने एक छोटी गोष्ट करतो आणि तीन मुली शिकतात, एवढंच होतं. मैत्रिणीने पुलाचं, मुलींचं आणि गाडीच्या नाकाचं चित्र काढलं, गाडीच्या नंबरसकट, कारण तो दिसत होता. खाली मी लिहिलं: ठिकाण अमुक पूल, वेळ सकाळी सात चाळीस. जागा उरली होती म्हणून मैत्रिणीने त्याखाली गंमत म्हणून लिहिलं, 'बहुसंख्येने उपस्थित राहावे.'

ड्रायव्हर स्वतः येऊन वाचून गेला. मोठ्याने वाचलं. कंडक्टर म्हणाला, "आता हार घालायचा राहिलाय, फोटो लावलाच हाय." ड्रायव्हरने त्याला ढकललं, पण त्या दिवशी अब्बांच्या दुकानातल्या सगळ्यांना चहा त्याने पाजला.

तिसऱ्या दिवसापासून लोक बहुसंख्येने उपस्थित राहू लागले. आजूबाजूच्या तीन वस्त्यांतली जी माणसं आजवर उसातून साडेतीन मैल चालत होती, ती पुलावर येऊन उभी राहिली. एकाकडे वांग्याची पाटी, एकीबरोबर बाळंतपणाला चाललेली सून, एकाच्या हातात उलटा धरलेला कोंबडा. पहिल्या दिवशी पाच, मग नऊ, मग मोजायला मी नव्हते. गाडी पुलावर एवढी रेंगाळायला लागली की बारामतीत उशिरा पोचू लागली. ड्रायव्हर तरीही थांबत होता. कौतुक झालेल्या माणसाला ते लगेच बंद करता येत नाही.

आणि मग साहेब आले. गाडी ज्या डेपोची होती तिथले. डेपो कुठला ते विचारू नका. साहेब बदलून गेले, पण खुर्ची अजून तिथेच आहे. ते कसल्याशा मीटिंगला बारामतीत आले होते. गाडी उशिरा का येते ही चौकशी त्यांच्या डोक्यात होती आणि हातात चहाचा कप होता. समोर आमची फळी. त्यांनी मजकूर वाचला. नंबर वाचला. ठिकाण आणि वेळ वाचली. इतका परिपूर्ण पुरावा त्यांना नोकरीत पहिल्यांदाच मिळाला असावा. त्यांनी टाचण्या काढून कागद हातात घेतला आणि उलटा केला.

मागे वडिलांचं पत्रक होतं. मी कागद घेताना मागे काय आहे ते कधी बघत नसे. आमच्या घरात ते वॉलपेपरसारखं होतं. मागे होतं: 'प्रवासी भाडेवाढीचा धिक्कार असो! गाड्या जागच्या जागी उभ्या करा!'

अब्बा सांगत होते, साहेबांनी कागद तीनदा उलटा-सुलटा केला. पुढून ड्रायव्हर गाडी उभी करतोय, मागून गाड्या उभ्या करा. त्यांच्या चेहऱ्यावर, अब्बांच्या शब्दांत, "मोठा कट सापडल्याचं समाधान" पसरलं. कागद घडी करून त्यांनी खिशात घातला. चहा अर्धा टाकला.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला मेमो मिळाला. त्याला निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यानंतर गाडी पुलावरून सरळ जाऊ लागली. खिडकीतून तो बघायचा नाही.

मला हे कळलं ते त्या अकरावीतल्या मुलीकडून. तिसऱ्या दिवशी ती वांग्याच्या टेम्पोत बसून बारामतीत आली आणि दुकानासमोर माझी वाट बघत उभी राहिली. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"तात्यांनी आठ दिवस दिल्यात," ती म्हणाली. "आठ दिवसांत गाडी थांबली तर ठीक. न्हायतर एक स्थळ हाय, त्यांना म्हणं सासवडच्या पलीकडं शेती हाय."

मी उसळले. "मी लिहिते. आजच लिहिते! जाहीर निषेध करू, सह्या घेऊ—"

"ताई," ती म्हणाली. "आता काय बी लिवू नका. हात जोडते."

माझ्या लेखनावर आजवर अनेकांनी अभिप्राय दिले. इतका नेमका कुणाचाच नव्हता.

घरी वडिलांना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "पत्रक काढू," ते म्हणाले. "मथळा: 'थांबा हा आमचा हक्क'. हजार प्रती."

"चाळीसच काढा," आई आतून म्हणाली. "माझ्या फळ्या झाल्या भरून."

मी त्या रागातच मैत्रिणीला घेऊन डेपोला गेले. सायकलने अडीच तास, समोरून वारा. साहेब नम्र होते. नम्र माणसाशी भांडायचं शिक्षण पत्रकांत नसतं.

"पुलावर थांबा द्या," मी म्हणाले.

"मागणी आहे का? त्या ठिकाणी रोज किती प्रवासी चढतात?"

"गाडी थांबतच नाही, तर चढतील कसे?"

"म्हणजे शून्य." त्यांनी लिहून घेतलं. "शून्य प्रवाशांसाठी थांबा कसा देणार? तुम्हीच बघा."

"पण गेल्या आठवड्यापर्यंत थांबत होती! वीस-वीस माणसं चढत होती!"

"नव्हती थांबत." साहेबांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. "चालकाने लेखी खुलासा दिला आहे. सदर पुलावर गाडी कधीही थांबवलेली नाही. आता चालक म्हणतो थांबवली नाही, आणि हा तुमचा कागद म्हणतो रोज थांबवली. दोघांपैकी एक खोटं आहे. चालक खोटा असेल तर मला पुढे कळवावं लागेल. तुम्ही खोट्या असाल तर," त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला, "विषय इथेच संपतो."

"मी काय लिहू?"

"सदर मजकूर पूर्णपणे काल्पनिक आहे. तारीख, सही."

माझ्या वडिलांनी आयुष्यात दोनदा कोठडीत रात्र काढली होती, कारण माफीच्या एका ओळीवर सही करायला त्यांनी नकार दिला होता. ती न केलेली सही आमच्या घरात देवघरासारखी होती. देवघर नव्हतं, म्हणून तीच. मी पेन हातात घेतलं. लिहिलं तर ड्रायव्हरची नोकरी वाचते, पण मग गाडी कधी थांबलीच नव्हती असं ठरतं, आणि जी कधी थांबलीच नाही ती पुन्हा थांबवा असं कोण म्हणणार? नाही लिहिलं तर माझं तत्त्व वाचतं.

मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, "लिही. तुझ्या तत्त्वाला निवृत्तिवेतन नाही. त्याला आहे."

मी लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका न करता लिहिलं. साहेबांनी वाचून मान हलवली आणि म्हणाले, "अक्षर छान आहे हो तुमचं." माझ्या ललित लेखनाची सरकारदरबारी झालेली पहिली नोंद ती. वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी खिळ्यांच्या शाईने काळी झालेली बोटं फडक्याला पुसली. मग म्हणाले, "ड्रायव्हरला घर आहे का स्वतःचं?" "नाही," मी म्हणाले. "मग बरोबर केलंस." पण त्या रात्री ते जेवले नाहीत, हेही इथे लिहिलं पाहिजे.

ड्रायव्हर सुटला. मुली मात्र पुलावरच. तीनपैकी एक पुन्हा आलीच नाही. तिच्या घरच्यांना कॉलेज बंद करायला कारणच हवं होतं आणि ते मी सुवाच्य अक्षरांत पुरवलं होतं. ती कुठं दिली, हे मी नंतर विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तात्यांच्या आठ दिवसांतले पाच संपले होते. सहाव्या सकाळी मी आणि मैत्रीण पुलावर गेलो. वही आणली नव्हती. ठरवलं होतं, तात्या भेटले तर पाया पडायचं. तेही तत्त्वात बसत नव्हतं, पण एव्हाना तत्त्वांत बरीच जागा झाली होती. तात्या नव्हते. आबा होते, भरावावर, चौदा मेंढ्या घेऊन. घरातली मुलं त्यांच्या मागे लागली होती, मेंढ्या विका म्हणून. ऊस झाला, गाई झाल्या, ट्रॅक्टरचं लोन झालं, आता ह्या चौदा शेपट्या कशाला सांभाळायच्या? आबा ऐकून घ्यायचे आणि सकाळी मेंढ्या सोडायचे.

"आबा," मी म्हणाले, "चूक झाली माझी."

"व्हय, झाली," आबा म्हणाले. "बाजूला व्हा जरा. गाडी याची येळ झाली."

धुक्यात दिवे दिसले. आबांनी तोंडाने एक आवाज काढला, जिभेचा, टाळूवर. चौदा मेंढ्या उतारावरून वर आल्या आणि पुलाच्या बरोब्बर मधोमध उभ्या राहिल्या. त्या ओलांडत नव्हत्या. उभ्या होत्या, एकमेकींच्या अंगाला लागून. गाडीने करकचून ब्रेक दाबला.

ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली.

"जनावर हाय," आबा म्हणाले. "त्याला काय कळतंय?"

ड्रायव्हरने कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टर छताकडे बघत म्हणाला, "जनावरं आडवी आल्यावर गाडी उभी करावीच लागती. नियमच हाय." आणि दार आतून उघडलं गेलं. कुणी उघडलं ते कुणीच पाहिलं नाही. दोन मुली चढल्या. आबांनी पुन्हा आवाज काढला आणि मेंढ्या बाजूला झाल्या. एक मिनिटसुद्धा गेलं नसेल.

गाडी दिसेनाशी झाल्यावर माझा हात सवयीने पिशवीत गेला. मैत्रिणीने मनगट धरलं.

"ठिकाण नाही," ती म्हणाली. "वेळ नाही. काही नाही."

पुढच्या आठवड्यात 'रोजचं'मध्ये फक्त एक चित्र होतं. रस्त्यावर उभ्या असलेल्या मेंढ्या. मागे धुकं. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीच लिहिलं नव्हतं, आणि कागद लावण्यापूर्वी उलटून मागची बाजूही पाहिली होती. मागे जिल्हा परिषदेच्या दवाखान्याविषयी काहीतरी होतं, ते मैत्रिणीने शाईने काळं केलं. पुन्हा कधीतरी मीटिंगला आलेल्या साहेबांनी चहा पिता पिता ते चित्र पाहिलं. "आता कसं," ते अब्बांना म्हणाले, "असं निरुपद्रवी काढत जा म्हणावं." अब्बांनी त्यांच्यासाठी आणखी अर्धा कप मागवला.

तात्यांचे आठ दिवस संपले ते संपलेच. गाडी थांबते की नाही यावर घरात वाद झाला म्हणे. तात्या म्हणाले थांबत नाही, कारण थांबा नाही. आबा म्हणाले, मग पोरगी रोज बारामतीत पोचती कशी? यावर तात्यांकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की आमच्याकडे विषय पुढच्या वर्षावर टाकतात. सासवडच्या पलीकडची शेती तोवर दुसऱ्या कुणाची झाली. मेंढ्या विकायचा विषयही आबांनी तसाच पुढच्या वर्षावर टाकला.

त्याच्या पुढच्या वर्षी तिची बारावी होती. पहिल्या पेपरच्या सकाळी मी आणि मैत्रीण न ठरवताच पुलावर भेटलो. धीर द्यायला आलोय असं आम्ही एकमेकींना सांगितलं. खरं तर, गाडी चुकली तर तिला डबल सीट न्यायची तयारी होती. मैत्रिणीने दोन्ही सायकलींत हवा भरून आणली होती.

ती कठड्याला टेकून ओठ हलवत काहीतरी पाठ करत होती. आबा दिसत नव्हते. मेंढ्या दिसत नव्हत्या. भराव रिकामा. पलीकडच्या पाटात नुकतंच पाणी सोडलं होतं आणि मेंढ्या तिकडून येईनात, एवढंच झालं होतं, पण ते आम्हाला नंतर कळलं.

गाडी आली.

आणि पुलाच्या अलीकडेच उभी राहिली. इंजिन घुरघुरत होतं. मुलगी पळत निघाली, तर ड्रायव्हरने हाताने थांब म्हणून खूण केली. मान बाहेर काढून त्याने भरावाकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. गाडीतल्या म्हाताऱ्या कानांवर हात ठेवू लागल्या.

"ओ आबा!" तो ओरडला. "मेंढरं कुठायत? उशीर व्हायलाय! मी थांबू कशासाठी?"

"आलो, आलो!" उसातून आवाज आला. मग पाचटाचा सळसळाट झाला आणि आबा बाहेर आले, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि काखेत एक मेंढी. एकच. तीही जायला तयार नव्हती. आबा तिला घेऊन तसेच रस्त्याच्या मधोमध आले आणि गाडीच्या पुढ्यात त्यांनी तिला खाली ठेवली.

"ही घे," ते धापा टाकत म्हणाले. "झाली जनावरं आडवी."

कंडक्टरने दार उघडलं.